किती किलोमीटरची? दुर्बीण आणि स्कोप यांतला खरा फरक

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्याजवळ मी स्कोप उभा केला की पाच-दहा मिनिटांत प्रश्न येतोच. "दादा, किती किलोमीटरची हाये ही?" सहलीला आलेली पोरं विचारतात, शेजारच्या मळ्यातून आलेले बाबा विचारतात. नव्यानं पक्षी बघायला लागलेले मित्र फोनवर हेच वेगळ्या शब्दांत विचारतात : "जास्तीत जास्त लांबचं दिसेल अशी हलकी दुर्बीण सांग ना." आणि मग एखादी अशी वस्तू घरी येते, जी महिन्याभरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसते. दर हिवाळ्यात हे बघून जीव तुटतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

किलोमीटर या मापाला इथे अर्थच नाही. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. प्रश्न किती लांबचं दिसतं हा नसून जे दिसतंय त्यातलं किती ओळखू येतं हा आहे.

घोळाचं अर्धं कारण आपल्या शब्दात आहे. मराठीत डोळ्यांना लावायची ती दुर्बीण, तिकाटण्यावर उभी करायची तीही दुर्बीण आणि ग्रह-तारे बघायची तीही दुर्बीणच. म्हणून या लेखापुरतं ठरवून घेऊ : दोन्ही डोळ्यांनी बघायची, गळ्यात अडकवायची ती 'दुर्बीण' आणि एका डोळ्यानं बघायचा, ट्रायपॉडवर बसवायचा तो 'स्कोप', म्हणजे दुकानदार ज्याला स्पॉटिंग स्कोप म्हणतात तो.

दुर्बीण तुम्हाला माहीत आहे असं धरतो. तिच्यावर ८×४२ लिहिलेलं असतं. ८ म्हणजे आठ पट मोठं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४०० मीटरवरचा चक्रवाक ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो. स्कोपवर साधारण २०-६०×६५ असं काहीतरी लिहितात, म्हणजे रिंग फिरवून २० ते ६० पट आणि भिंग ६५ मिलिमीटर. सरळ नळीचा की ४५ अंशांत वाकलेला, यावर लोक तासन् तास बोलतात. मी वाकलेला घेतो, कारण उंच-बुटके सगळे पाळीपाळीनं बघू शकतात आणि कड्याकडे वर बघताना मान दुखत नाही. चष्मा असेल तर डोळा आणि नेत्रभिंग यांत किमान १५ मिलिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतंय ना, ते दुकानातच बघून घ्या. या बारीकसारीक गोष्टींत फारसं कुणी फसत नाही.

माणसं फसतात ती इथे : स्कोप म्हणजे जास्त ताकदीची दुर्बीण, असं त्यांना वाटतं. ८ पेक्षा ६० मोठे, म्हणून ६० मध्ये साडेसात पट जास्त दिसणार, असा तो हिशेब.

हे चूक का, ते समजायला एक साधी गोष्ट करा. आपली दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरा आणि उजळ आकाशाकडे रोखा, सूर्याकडे चुकूनही नको. डोळा लावायच्या भिंगात प्रकाशाची एक छोटी गोल टिकली दिसेल. त्या टिकलीवर पट्टी धरा. ८×४२ च्या दुर्बिणीत ती सव्वापाच मिलिमीटरची भरते, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी. गणित सोपं आहे, ४२ भागिले ८. पुढच्या भिंगानं गोळा केलेला सगळा प्रकाश एवढ्याच झोतातून बाहेर पडतो आणि तुमच्या बुबुळाच्या छिद्रातून, म्हणजे बाहुलीतून, आत जातो.

आता स्कोप ६० वर फिरवा आणि तीच टिकली बघा. ६५ भागिले ६०, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. बारीक मोहरीएवढी.

भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुपारी हा फरक तितका जाणवत नाही. पण पक्षी बघायला आपण दुपारी जात नाही. जानेवारीत नाशकातून पहाटे पाचला निघायचं, निफाडच्या गव्हाच्या शेतांवरचं धुकं कापत जायचं आणि उजाडता उजाडता पाण्यापाशी पोचायचं, तेव्हा बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते. तिला दुर्बीण पुरेपूर भरून टाकते. ६० वरचा स्कोप तिच्यात एक मिलिमीटरचा धागा सोडतो. क्षेत्रफळ काढलं तर वीसपटीहून अधिक फरक पडतो. भिंग मोठं असूनही चित्र काळं दिसतं ते यामुळे. शिवाय तो धागा बाहुलीत नेमका पडायला डोळा अगदी जागच्या जागी धरावा लागतो. जरा हलला की कडेनं काळी सावली धावून येते.

आमच्या सोसायटीतले एक काका मोठ्या हौसेनं २०-१८०×१०० अशी झूम दुर्बीण घेऊन आले होते. दुकानदारानं सांगितलं होतं, पाच किलोमीटर दिसतं. पहाटे बंधाऱ्यावर त्यांनी ती डोळ्यांना लावली, रिंग पुढे नेली आणि थोड्या वेळानं खाली घेतली. "काळंच दिसतंय रे," म्हणाले. मी त्यांना टिकली बघायला लावली. छापलेले आकडे खरे मानले तरी १०० भागिले १८०, अर्धा मिलिमीटर. खसखस. त्यांचा चेहरा उतरला तो अजून आठवतो. चार पैसे जपून घेतलेली वस्तू होती. मग माझी ८×४२ त्यांच्या गळ्यात घातली आणि पाणवनस्पतींतून फिरणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीची लाल चोच त्यांना दिसली, तेव्हा कुठे ते बोलायला लागले. झूम दुर्बीण कुठल्याही किमतीत घेऊ नका. २० पट हातात धरून स्थिर राहतच नाही, आणि दोन नळ्यांचे झूम एकमेकांशी जुळून राहत नाहीत, डोकं दुखतं. तांबड्या चकाकत्या भिंगांचीही तीच गत. लाल प्रकाश परत फेकणारं भिंग आत लाल कमी पाठवतं आणि अख्खं पाणथळ हिरवट दिसतं.

टिकलीवरून आणखी एक गोष्ट कळते. ती स्वच्छ गोल असेल तर आतले लोलक बऱ्या काचेचे आहेत. चारी बाजूंनी राखाडी कापल्यासारखी, चौकोनी वाटत असेल तर काच हलकी वापरली आहे. दुकानात काही सेकंदांत होणारी ही परीक्षा आहे आणि ती घ्यायला लाजू नका.

इंटरनेटवर शोधायला जाल तर 'ट्वायलाइट फॅक्टर' नावाचा आकडा भेटेल. पट गुणिले व्यास, त्याचं वर्गमूळ. ८×४२ चा येतो १८.३ आणि ६०×६५ चा ६२ च्या वर. म्हणजे त्या हिशेबानं ६० वरचा स्कोप संधिप्रकाशात तिप्पट चांगला! काकांचा अनुभव तुम्ही वाचलात. हा आकडा काचेची प्रत विचारत नाही आणि टिकलीही विचारत नाही. खरेदीला त्याचा आधार घेऊ नका.

दुसरा अडथळा हवेचा. ऊन वर आलं की पाणी, चिखल आणि बांधावरची हवा थरथरायला लागते. दहा-साडेदहानंतर २० वर स्वच्छ दिसणारी तलवार बदकं ६० वर नेलीत की उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखी दिसतात. काच कितीही महागाची असो, मधली हवा काही बदलता येत नाही. थोडक्यात, पहाटे ६० ला प्रकाश पुरत नाही आणि उन्हात हवा टिकू देत नाही. माझ्या स्कोपची रिंग ३० च्या पुढे क्वचितच जाते.

मग स्कोप घ्यायचाच कशाला? कारण ३० पट स्थिर चित्र हे दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि त्याचं काम वेगळं आहे. दुर्बीण शोधते, स्कोप ओळखतो. ८ पटीची दुर्बीण हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंद पट्टा दाखवते. वारकरी, हळदीकुंकू, शेकाटे या पाणपक्ष्यांच्या गर्दीतून वेगळं काय हललं ते त्यात पकडता येतं. दलदल ससाणा आला आणि सगळी बदकं एकदम उठली, तर तेही तीच दाखवते. स्कोप ६० वर अठरा-वीस मीटरचा पट्टा दाखवतो, त्यात उडणारा पक्षी धरणं जवळपास अशक्य. पण समोरच्या चिखलावर एक चिमणीएवढा टिलवा टिपत चाललाय, त्याचे पाय काळे की पिवळट हिरवे? काळे असतील तर छोटा टिलवा, पिवळट असतील तर टेमिंकचा. दीडशे मीटरवरून दुर्बिणीत तो नुसता करडा ठिपका असतो. स्कोप २५ वर लावा, तो वळेपर्यंत थांबा, आणि पायाला लागलेला चिखलसुद्धा वेगळा कळतो.

म्हणून आधी दुर्बीण, मग स्कोप. दुर्बिणीशिवाय स्कोप घेणारा माणूस दिवसभर रिकाम्या पाण्याकडे बघत बसतो.

हलकेपणाचाही असाच घोटाळा होतो. लोक दुर्बीण हलकी शोधतात आणि ८×२५ घेतात. ती तीनशे ग्रॅमची असते खरी, पण टिकली तीन मिलिमीटरची, पहाटेचा तास हातचा गेला. ८×४२ साडेसहाशे-सातशे ग्रॅमची असते आणि गळ्याच्या पातळ पट्ट्याऐवजी खांद्यांवरून जाणारा पट्टा लावला की ते वजन जाणवत नाही. फारच जड वाटत असेल तर ८×३२ घ्या, तिथून खाली उतरू नका. वजन वाचवायचं ते स्कोपमध्ये. ८०-८५ मिलिमीटरचा स्कोप दीड-दोन किलोंचा, ६०-६५ चा किलो-सव्वा किलोचा. ३० पटीच्या पुढे जायचंच नसेल तर लहान भिंगात दोन मिलिमीटरच्या वरची टिकली मिळते, ती पुरते. उरलेले पैसे काचेवर घाला. साधी काच ८ पटीत चालून जाते, पण ३० पटीत पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार दिसायला लागते. ईडी काच, म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच, ती किनार बरीच आवरते.

ट्रायपॉडवर मात्र वजन वाचवू नका. फोनसाठीच्या लुकड्या ट्रायपॉडवर स्कोप बसवून बंधाऱ्यावरच्या वाऱ्यात उभं केलेले लोक मी बघतो आणि त्यांना सांगतोच : पायांची लांबी कमी ठेवा, मधला दांडा खाली घ्या, खालच्या हुकाला पाठपिशवी अडकवा. निम्मी थरथर तिथेच थांबते.

'स्कोप' शब्दामुळे आणखी एक गल्लत होते. परदेशी शिकाऱ्यांचे हलक्या रायफल-स्कोपबद्दलचे सल्ले वाचून काही जण तेच निकष इकडे लावतात. ती तिसरीच वस्तू. बंदुकीच्या धक्क्यानं डोळा फुटू नये म्हणून त्यात डोळा आठ-दहा सेंटिमीटर मागे ठेवायचा असतो, वर निशाण्याच्या रेघा असतात आणि धक्का सोसायची ताकद हा भरवशाचा पहिला अर्थ असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. आपल्याला भरवसा हवा तो पावसाचा.

इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जो कुणी पावसाळ्यात फिरला आहे त्याला भिंगावरची बुरशी सांगायला नको. माझी पहिली दुर्बीण एका पावसाळ्यात गेली, कापडी खोळीत, कपाटात, नीट जपून ठेवलेली असताना. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. तेव्हापासून वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली असेल तरच घेतो, आणि जून ते सप्टेंबर दोन्ही वस्तू झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात. पुड्यांचा रंग बदलला की वाळवायच्या किंवा बदलायच्या.

अंजनेरी चढताना मी ट्रायपॉड खालीच ठेवतो. गळ्यात दुर्बीण, पिशवीत ६५ चा स्कोप. गिधाड दुर्बिणीत सापडतं, कड्याला समांतर तरंगत येतं आणि पांढरे ओघळ पडलेल्या एका कपारीत उतरतं. मग पाठपिशवी दगडावर ठेवायची, तिच्यावर स्कोप दाबून बसवायचा, रिंग २५ वर आणायची आणि श्वास सावकाश सोडायचा. कपारीच्या सावलीत आधी काहीच दिसत नाही. मग घरट्याच्या काटक्यांमागून पिल्लाचं डोकं वर येतं.