शाळेतला खेळ आणि सरकारी तिजोरी

खेळातून शिक्षण म्हटलं की आज सरकारं निधी काढतात. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यावर बंदी आली होती. फ्रिडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे चिमुकल्यांसाठी संस्था काढली. चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी हाच तिथला अभ्यास. १८५१ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याच्या सरकारने नास्तिकता आणि समाजवाद यांचा ठपका ठेवून अशा बालवाड्यांना टाळं लावलं. फ्रोबेल यांच्या पुतण्याच्या लिखाणाची भानगडही त्यात होती. बंदी उठली १८६० मध्ये. तोवर फ्रोबेल हयात नव्हते. पुढे १८७३ मध्ये सुझन ब्लो यांनी अमेरिकेत सेंट लुईसच्या सार्वजनिक शाळेत बालवर्ग सुरू केला आणि ठोकळ्यांचा खर्च करदात्यांच्या खात्यात जाऊ लागला.

संगणकावरच्या खेळांची गोष्ट अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात घडली. डॉन रॅविच हा शिकाऊ शिक्षक १९७१ मध्ये आठवीला इतिहास शिकवत होता. पश्चिमेकडे बैलगाड्यांतून निघालेल्या कुटुंबांचा प्रवास मुलांना कळावा म्हणून त्याने दोन मित्रांच्या मदतीने 'द ओरेगॉन ट्रेल' तयार केला. पडदा नव्हताच, टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर, कागद सरकत राही. शिकार करायची तर 'बँग' हा शब्द टाइप करायचा. जितका झटपट टाइप कराल, तितका नेम चांगला! सत्र संपल्यावर रॅविचने प्रोग्रॅमचा प्रिंट काढून ठेवला आणि यंत्रावरून तो पुसून टाकला.

एवढ्यावर हा खेळ संपलाच असता. पण १९७३ मध्ये राज्य सरकारने शाळांना संगणकसेवा पुरवण्यासाठी 'मेक' नावाची संस्था उभी केली. १९७४ मध्ये रॅविच तिथे नोकरीला लागला, कागदावरचा प्रोग्रॅम त्याने पुन्हा टाइप केला आणि खेळ एका वर्गातून राज्यभरच्या शाळांत गेला. म्हणजे सरकारने खेळ बनवला नाही, तो पोचवण्याची सोय केली. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत फळलेली मदत हीच.

ब्रिटनने १९८१ पासून शाळांना निम्म्या किमतीत मायक्रोकॉम्प्युटर देण्याची योजना आखली. बीबीसी मायक्रो हा संगणक घरोघरी ओळखीचा झाला तो याच काळात. यंत्र आल्यावर त्यावर चालवायला खेळही आले.

अमेरिकेत २०१० नंतर रोख बदलला. त्या वर्षी व्हाइट हाउसने विज्ञान-गणिताच्या व्हिडिओ गेम्सची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली, २०१४ मध्ये गेम बनवणाऱ्यांना आणि शिक्षकांना एकत्र बसवणारा उपक्रम घेतला. शिक्षण खात्याचा छोट्या कंपन्यांसाठीचा संशोधन निधी गेम्सनाही मिळू लागला. स्पर्धेचे फोटो चांगले येतात, हे खरं. शिक्षकाच्या वेळापत्रकात खेळाला तास कुठून काढायचा, हा प्रश्न मात्र स्पर्धेने सुटत नाही.

तो प्रश्न अभ्यासक्रमातूनच सुटू शकतो. २०२० मध्ये भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुरुवातीची वर्षं खेळ आणि कृती यांवर उभी करायचं ठरवलं. त्याच वर्षी पोलंडच्या पंतप्रधानांनी 'धिस वॉर ऑफ माइन' या गेमचा शाळांच्या पूरक वाचनयादीत समावेश जाहीर केला. वेढा पडलेल्या शहरात अडकलेल्या सामान्य माणसांना अन्न, औषध आणि माणुसकी यांतून निवड करावी लागते, असा हा खेळ. तो शाळांना मोफत मिळाला. त्याला १८ वर्षांची वयोमर्यादा असल्याने तो वापरायचा कुणी, तर शाळेच्या शेवटच्या टप्प्यावरच्या मुलांनी, आणि तेही इतिहास, नीतिशास्त्र अशा विषयांसाठी.