वस्तऱ्याचे पाते : पोलादाची निवड (सोलापूर)

मुठीत मिटणाऱ्या उघड्या वस्तऱ्याचे पाते कठीण तर असावे लागतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते अतिशय बारीक कणांच्या पोलादाचे असावे लागते. दाढीची धार साधारणतः १५ ते १७ अंशांच्या कोनात बसते. सुरी-कात्रीला चालणारे पोलाद इतक्या पातळ कडेला टिकतेच असे नाही. जुन्या नाभिकांच्या धोकटीत इंग्लंडमधील शेफील्डची व जर्मनीतील झोलिंगेनची आयात पाती असत, तशीच लोहाराकडून घडवून घेतलेलीही. प्रस्तुत नोंद मुख्यतः घडवलेल्या पात्यांविषयी आहे.

दख्खनमधील जुने देशी वस्तरे वुट्झ पोलादाचे होते काय, हा वादाचा मुद्दा आहे. वुट्झ म्हणजे मुशीत वितळवून केलेले, बहुधा १ ते २ टक्के कार्बनचे दक्षिण भारतीय पोलाद. त्याचा उगम इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत नेला जातो व त्यासाठी तमिळनाडूतील कोडुमणलचा दाखला देतात; मात्र निर्मितीची तपशीलवार वर्णने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली आहेत. तेलंगणातील कोनसमुद्रम हे त्याचे एक ख्यातनाम केंद्र. सोलापूर निजामी मुलखाच्या सरहद्दीलगत, हैदराबादच्या वाटेवर असल्याने तिथला माल इथल्या पेठेत उतरत असणे असंभाव्य नाही. तथापि त्या पोलादाचे गिऱ्हाईक म्हणजे तलवारी घडवणारे आणि इराणी व्यापारी. रोजच्या हत्यारासाठी मऊ लोखंडाला धारेपुरती पोलादाची पट्टी सांधून काम भागवत असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

वुट्झचा वस्तऱ्याशी निश्चित संबंध लागतो तो लंडनमध्ये. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट याने १७९४ मध्ये वुट्झचे नमुने रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याच्याकडे पाठवले; त्यांवरचा जॉर्ज पिअरसनचा निबंध १७९५ चा. जेम्स स्टोडार्ट या हत्यारे घडवणाऱ्याने वुट्झपासून शस्त्रक्रियेची उपकरणे व वस्तरे तयार केले. त्याच्याच जोडीने मायकेल फॅराडेने १८२० च्या सुमारास पोलादी मिश्रधातूंवर प्रयोग केले आणि त्यातून निघालेले काही वस्तरे मित्रांना भेट दिले. विजेच्या शोधांपुढे फॅराडेचे हे काम सहसा कोणाला आठवत नाही.

वुट्झच्या पात्यावर नक्षीसारख्या लहरी कशा उमटतात याविषयीही मतभेद आहेत. शर्बी व वॉड्सवर्थ या धातुशास्त्रज्ञांनी घडाईच्या पद्धतीवर व तापमानावर भर दिला. धातुशास्त्रज्ञ व्हरहोवन व पाती घडवणारा पेंड्रे यांनी १९९८ मध्ये व्हॅनेडियमसारख्या अत्यल्प अशुद्धींकडे बोट दाखवले. दुसऱ्या मताला प्रयोगांचा आधार अधिक आहे. कारण कोणतेही असो, लहरी म्हणजे कार्बाइडच्या (कार्बन व धातूच्या कठीण संयुगाच्या) कणांच्या रांगा, आणि वस्तऱ्याच्या धारेत अशी विषमता अडचणीचीच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील २०२० च्या अभ्यासाने हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले : पोलाद केसाच्या सुमारे ५० पट कठीण असूनही, केस कलता लागला आणि त्या जागी पोलादाची रचना विषम असली, तर धारेची कपची उडते.

भंगारात वस्तऱ्याला सर्वांत जवळची वस्तू म्हणजे झिजलेली कानस. तिच्यात कार्बन सुमारे १.२ टक्के असतो. मात्र दाते मुळापर्यंत घासून काढावे लागतात. दात्याच्या बुडाची बारीक खाच राहिली, तर पाणी देताना (लाल पाते विझवून कडक करताना) पाते नेमके तिथेच तडकते. गिरण्या आणि यंत्रमागांच्या या शहरात बेअरिंगचे भंगारही भरपूर. पोलादाचे व्यापारी या जातीला एन-३१ म्हणतात : १ टक्का कार्बन, १.५ टक्क्याच्या आसपास क्रोमियम, आणि कण बारीक. नवी पट्टी घ्यायची तर ओएचएनएस या जातीचे हत्यारी पोलाद सोयीचे. ते तेलात कडक होते आणि वाकते कमी. हैदराबाद रस्त्यावरच्या गॅरेजांत मिळणारे ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे कोयत्या-विळ्यांना उत्तम, वस्तऱ्याला नव्हेत, कारण कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपासच असल्याने धार लागते पण लवकर वळते. एचसीएचसीआर (भरपूर कार्बन व भरपूर क्रोमियमचे पोलाद) हे नाव भारदस्त आहे खरे, परंतु त्यातले क्रोमियम कार्बाइड जाडेभरडे असतात. निसण्यावर दिवस मोडतो आणि दाढी ओढतेच.

अनोळखी तुकड्याची पारख सहाणेच्या चाकावर ठिणग्या पाहून करतात. मऊ लोखंडाची ठिणगी लांब व सरळ जाते. कार्बन चढेल तशी ती टोकाला फुटून फुलते. नंतर एक चिपटी लाल करून विझवायची आणि शेगड्यात (लोखंडी पकडीत) धरून मोडायची. मोडीवर साखरेसारखे दाणे चमकले तर ताप जास्त झाला. राखाडी, चकाकी नसलेली मोड हवी. साधे कार्बन पोलाद चुंबकाला चिकटेनासे झाले (सुमारे ७७० अंश से.) की आणखी थोडे तापवून विझवतात, एन-३१ ला याहून बराच जास्त ताप लागतो. विझवलेले पाते ठिसूळ असते, म्हणून ते १७५ ते २०० अंशांवर पुन्हा तापवून कडकपणा किंचित उतरवतात. कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ६० ते ६३ हे लक्ष्य मानले जाते.

गंजरोधक पोलादांत स्वीडिश एईबी-एल (सुमारे ०.६७ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम) हे दाढीच्या ब्लेडसाठीच विकसित झालेले असून ते वस्तऱ्यालाही चालते. त्याला भट्टीचे तापमान काटेकोर लागते, त्यामुळे भात्यावर काम करणाऱ्याच्या ते आवाक्याबाहेरचे आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत त्याची निकडही कोकणाइतकी नाही. पाते पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवले की साधे कार्बन पोलाद पुरते.

शहरातील केशकर्तनालयांत आता अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा रूढ आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयीची जागरूकता हे त्याचे मुख्य कारण. जावळ व दहाव्याच्या क्षौरालाही बहुधा तोच वापरतात. त्यात कापण्याचे काम कारखान्यातल्या, बहुतेक वेळा १३ टक्के क्रोमियमच्याच, ब्लेडकडे असते.