वेबहुकची सही अशी तपासा

ऑर्डरची स्थिती बदलली की आमचा सर्व्हर तुम्ही दिलेल्या यूआरएलवर जेसन (डेटा लिहिण्याचा एक साचा) मजकूर पाठवतो; या निरोपाला वेबहुक म्हणतात. ती यूआरएल बाहेर फुटली तर ‘पैसे जमा झाले’ असा खोटा निरोप कोणीही धाडू शकेल. म्हणून प्रत्येक निरोपाच्या हेडरमध्ये वेळ (युनिक्स सेकंदांत) आणि सही असते. सही म्हणजे तुमचे सीक्रेट (गुप्त किल्ली) वापरून काढलेला एचमॅक-शा-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ठराविक लांबीचा ठसा): ३२ बाइट, हेक्समध्ये (०–९ आणि ए–एफ) ६४ अक्षरे.

सीक्रेट मजकुराच्या आधी चिकटवून साधा शा-२५६ का नाही काढला? तशा हॅशवरून, सीक्रेट ठाऊक नसतानाही, मजकुराच्या शेवटी भर घालून नवा बरोबर हॅश काढता येतो. आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातला (१९९७) एचमॅक आत एकदा, बाहेर पुन्हा एकदा हॅश करतो, त्यामुळे ती वाट बंद होते.

तुमच्या बाजूला वेळ, एक टिंब आणि आलेला मजकूर एकापुढे एक जोडा. पीएचपीमध्ये हॅश_एचमॅक या फंक्शनला आधी ‘शा२५६’, मग ही जोडणी, शेवटी सीक्रेट द्या. शेवटच्या दोघांची अदलाबदल झाली तर एरर येत नाही, सही मात्र चुकते.

मजकूर आला तसाच, बाइटन्‌बाइट घ्या: पीएचपीत पीएचपी://इनपुट मधून, नोडच्या एक्स्प्रेस फ्रेमवर्कमध्ये एक्स्प्रेस.रॉ वापरून. जेसन उलगडून पुन्हा बांधलात की घोटाळा झालाच. लक्षण ठरलेले: इंग्रजी पत्त्याची ऑर्डर जुळते, ‘पुणे’ देवनागरीत आले की अडते. पीएचपीचे जेसन_एन्कोड, वेगळे सांगितले नाही तर, देवनागरी अक्षरांचे बॅकस्लॅश-यू कोड करून टाकते. आम्ही थेट यूटीएफ-८ अक्षरे पाठवतो.

एकही सही जुळत नसेल तर सीक्रेट पाहा. ते ६४ अक्षरी हेक्स दिसते, पण डीकोड न करता मजकूर म्हणूनच वापरायचे. फाइलमधून वाचताना शेवटी न्यूलाइन चिकटून येते, ती छाटा.

तुलनेला साधे == नको. ती पहिल्या फरकाशीच थांबू शकते, आणि लागलेल्या वेळेवरून सहीचा अंदाज बांधायला वाव राहतो. पीएचपीत हॅश_इक्वल्स, पायथनमध्ये कंपेअर_डायजेस्ट, नोडमध्ये टायमिंगसेफइक्वल आहे. नोडचे फंक्शन दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असली की एरर फेकते. लांबी आधी तपासा, नाहीतर कोणीही अर्धवट सही पाठवून रिक्वेस्ट पाडेल.

सही जुळली तरी वेळ ३०० सेकंदांहून जुनी असेल तर निरोप नाकारा. यासाठी सर्व्हरचे घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) हवे. उत्तर न मिळाल्यास आम्ही तोच निरोप नव्या वेळेने, नव्या सहीने पुन्हा पाठवतो. त्यामुळे इव्हेंट आयडी (निरोपाची ओळख) साठवून ठेवा आणि तोच पुन्हा आला तर दुर्लक्ष करा, म्हणजे एका ऑर्डरचा माल दोनदा निघणार नाही.

सीक्रेट ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये किंवा गिटमध्ये ठेवू नका. बदलताना २४ तास जुने आणि नवे दोन्ही तपासा. मदत हवी असेल तर इव्हेंट आयडी आणि तुम्ही काढलेली सही कळवा. सीक्रेट आम्हालाही पाठवू नका.