वितळलेल्या फिल्मची दंतकथा

दरवर्षी 6 जून आला की युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाने 1944 साली, दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये उतरत असताना, नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर टिपलेले फोटो पुन्हा फिरू लागतात. सोबत ती हळहळ लावणारी गोष्टही येते. गोळीबारात जीव धोक्यात घालून काढलेले चार रोल लंडनमध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या डार्करूममध्ये पोचले, घाईत एका पोरगेल्या मदतनिसाने वाळवणीच्या कपाटाचं दार लावून घेतलं, उष्णता वाढली आणि फिल्मवरचं इमल्शन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, वितळून गेलं. कापाने 1947 च्या पुस्तकात लिहिलं, 106 पैकी 8 फोटो वाचले. ‘लाइफ’चे लंडनमधले चित्रसंपादक जॉन मॉरिस 11 सांगायचे.

इमल्शन वितळतं म्हणजे काय होतं, हे बघायला हवं. ते असतं जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातल्या कोलॅजेनपासून काढलेलं प्रथिन. त्याच्या लांबलचक साखळ्यांच्या जाळीत चांदीचे कण अडकलेले असतात. पाण्याने फुगलेलं साधं जिलेटिन 30-35 अंशांच्या आसपास पातळ होतं, हे खरं. पण फिल्म वाळताना पाणी उडून जातं, आणि उडता उडता ते फिल्मची उष्णता घेऊन जातं. म्हणून ओली फिल्म भोवतालच्या हवेपेक्षा थंडच राहते. पाणी संपलं की उरतं कोरडं जिलेटिन, आणि ते असं सहजासहजी वितळत नाही.

बंद कपाटात हवा दमट झाली, तर हा थंडावा कमी होईल, कबूल. मात्र जिलेटिन मुद्दाम कडकही केलेलं असतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम किंवा फॉर्मॅलिन शेजारच्या साखळ्यांना आडवे टाके घालतं. हे टाके पुरेसे पडले, की जिलेटिन उकळत्या पाण्यातही टिकतं.

आणि समजा, वितळलंच. तरी नुकसान पायरीपायरीने दिसलं असतं: कुठे सुरकुत्या, कुठे ओघळ, कुठे अर्धवट चेहरा. तीन रोल साफ कोरे आणि चौथ्यावरच्या मोजक्या फ्रेम शाबूत, असा निवाडा उष्णता करत नाही.

त्या फोटोंतल्या धूसरपणाचंही तेच. कॅमेरा हलला की चित्रातला प्रत्येक बिंदू एकाच दिशेने ओढला जातो. इमल्शन ओघळलं तर रेषा वेड्यावाकड्या होतात. पाण्यात आडव्या झालेल्या सैनिकाच्या प्रसिद्ध फोटोत पहिला प्रकार आहे. हल्ली याच फोटोंना ‘एआयने स्पष्ट केलेले’ म्हणून मिरवतात, तेव्हा तर चीड येते. निगेटिव्हवर न उमटलेले नाकडोळे यंत्र स्वतःच्या मनाने रंगवतं आणि लोक त्याला इतिहास समजतात.

2014 मध्ये छायाचित्रणाचे समीक्षक ए. डी. कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कथेची उलटतपासणी सुरू केली. त्याच वर्षी सत्त्याण्णव वर्षांच्या मॉरिस यांनी मान्य केलं, की उरलेल्या तीन रोलवर बहुधा मुळातच काही नसावं. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्यावर खापर फुटलं, त्या डार्करूममधल्या पोराने बहुधा काहीच बिघडवलं नव्हतं.