पहाटे चारचा गजर आणि मागे पडणारं घड्याळ

पहाटे चारला उठण्याचे ‘चॅलेंज’ व्हिडिओ सध्या इतके झालेत, की ते बघता बघता रात्रीचा एक वाजतो. अशा रोज एकला झोपून साडेआठला उठणाऱ्या माणसाने खरोखरच चारचा गजर लावला तर काय होतं? झोप अपुरी राहते हे उघड आहे. पण शिवाय त्याच्या शरीरातलं घड्याळ लवकर सरकायचं सोडून आणखी उशिराकडे जातं. दुसऱ्या रात्री डोळा लागायला दीड-दोन होतात आणि तिसऱ्या दिवशी चॅलेंज संपतं.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे २० हजार चेतापेशींची इवलीशी जोडी असते, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. प्रत्येक पेशीत ठरावीक प्रथिनं तयार होतात, साचतात, स्वतःच्याच निर्मितीला ब्रेक लावतात आणि मग हळूहळू नष्ट होतात, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. (फळमाशीत ही यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं.) माणसात हा फेरा सरासरी २४ तास आणि वर दहा-एक मिनिटांचा भरतो. म्हणजे मोकळं सोडलं तर घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडणार. रविवारी उशिरा उठायचा सराव कुणाला करावा लागत नाही, तो यामुळे.

रोज ते मिळवून घ्यायचं काम उजेड करतो, आणि त्यासाठी डोळ्यात वेगळी सोय आहे. १९९८ साली बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन सापडलं. पुढे २००२ साली कळलं की दृष्टिपटलातल्या काही मोजक्या पेशींतही तेच असतं आणि त्या पेशींची तार थेट घड्याळाला जोडलेली असते. चित्र दाखवण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. उजेड किती आणि किती वेळ, याची त्या बेरीज करत राहतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे आकाशासारखा निळा प्रकाश त्यांना सर्वांत जास्त जाणवतो. काम संथ. पडदा सारून दोन मिनिटं बाहेर डोकावलं तर त्यांच्या हिशेबात फारशी भर पडत नाही.

आता खरी गंमत. शरीराचं तापमान संध्याकाळी सर्वांत जास्त असतं आणि नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास तळ गाठतं. उजेड या तळाच्या आधी पडला, तर घड्याळ तो मावळतीचा उजेड समजतं आणि मागे जातं. तळानंतर पडला, तर उजाडलं असं धरून पुढे येतं. तळाच्या दोन्ही बाजूंच्या काही तासांत हा परिणाम सर्वाधिक, भर दुपारी जवळपास शून्य. म्हणजे तोच दिवा, तोच माणूस, पण तासा-दोन तासांच्या फरकाने दिशा उलटी! आपला साडेआठवाला घ्या. त्याचा तळ सहाच्या सुमारास. तो चारला उठून ट्यूब लावतो, मोबाइल उघडतो. रात्रभर अंधारात राहिलेल्या डोळ्यांना १०० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) घरगुती दिवाही पुरतो. घड्याळाच्या लेखी हा माणूस जागरण करतोय.

म्हणून वेळ टप्प्याटप्प्यानेच आणावी लागते. दर दोन दिवसांनी २० मिनिटं. साडेआठवरून सहावर यायचं तर अडीच तास, आठ टप्पे, सोळा दिवस. उठल्यावर अर्धा तास गच्चीत किंवा रस्त्यावर काढायचा. ढगाळ सकाळीही बाहेर काही हजार लक्स उजेड असतो. घरात ट्यूबखाली शंभर ते तीनशे. खिडकीपासून चार-पाच फूट आत बसलात तरी आकडा धाडकन उतरतो. सूर्याकडे टक लावायची अजिबात गरज नाही. त्याने फक्त डोळे बिघडतात. सुट्टीच्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त लोळलात, की दोन-तीन टप्पे परत गेले.

आणि सहा म्हणजे कुठले सहा? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मुंबई ७२.८ वर, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं मागे. मुंबईने १९५५पर्यंत तेवढीच मागची स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ चालवली होती. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला सूर्य मुंबईच्या अर्धा तास आधी उगवतो. ब्राह्ममुहूर्ताचे दाखले देत ‘चार म्हणजे चार’ सांगणारे हे विसरतात की तो मुहूर्तही सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी सुरू होतो. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या आसपास, म्हणजे ब्राह्ममुहूर्त पावणेसहाच्या आत-बाहेर. चारच्या आकड्यात ना शास्त्र आहे, ना परंपरा. काही माणसं मात्र जन्मतःच पहाटेची असतात: पीईआर-२ जनुकातल्या एका बदलामुळे संध्याकाळी साडेसातला झोपून साडेचारला आपोआप उठणारी कुटुंबं २००१ सालच्या संशोधनातून माहीत झाली आहेत. त्यांची शिस्त आपण आदर्श म्हणून घ्यायची नाही.

रात्रीची बाजूही आहे. ‘आज नऊलाच झोपतो’ हा बेत हमखास फसतो, कारण नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास घड्याळ आपल्याला सर्वांत टक्क जागं ठेवतं. तेव्हा उठण्याची वेळ आधी बदला, झोपेची मागून येते. दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत अॅडिनोसिन साचतं आणि झोपेची ओढ लागते. चहातलं कॅफीन अॅडिनोसिन काढून टाकत नाही, फक्त त्याच्या खुर्चीवर जाऊन बसतं, आणि निम्मं उतरायला साधारण पाच तास घेतं. संध्याकाळी सातच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री बारालाही बसूनच असतं. वामकुक्षी तीनच्या आत आणि वीस मिनिटांची. तासभर झाली की रात्रीसाठी साचवलेली ओढ तिथेच खर्च होते.

उठल्यावरचा जडपणा म्हणजे झोप बिघडली असं नाही. तो १५ ते ३० मिनिटं राहतोच, गाढ झोपेतून किंवा तापमानाच्या तळाजवळ उठवलं तर जास्त. स्नूझ दाबून मिळणारी नऊ मिनिटं त्यात काही सुधारत नाहीत. नव्वद मिनिटांच्या पटीत गजर लावून देणारी अॅप्स तर सरळ विसरा: झोपेचं एक चक्र ७० ते १२० मिनिटांचं असू शकतं, एकाच रात्रीतही बदलतं, आणि डोळा नेमका कधी लागला हे अॅपला ठाऊक नसतं.

आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, तोंड कोरडं आणि घरच्यांची घोरण्याबद्दल तक्रार, असं असेल तर गजराची वेळ बदलून काही हाती लागणार नाही. झोपेत श्वास अडत असण्याची शक्यता मोठी आहे. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्यायची.