मे महिन्यात कौलांवर पाणी

खानापूरकडच्या कौलारू घरात गळती शोधणं म्हणजे डोक्याला ताप. पाणी ठिबकतं माजघरात, फुटकं कौल असतं चार हात वर; मधलं अंतर ते वाशावरून घरंगळत येतं. तेही वारा ठरावीक दिशेचा असेल तरच. शाकारायला माणूस बोलावला की नेमकं ऊन पडतं.

माझ्या पुतणीच्या प्रोग्रॅमची गत अशीच होती. ती बेळगावात संख्याशास्त्र शिकते. मलप्रभेच्या उगमाजवळच्या, कणकुंबीच्या पावसाच्या नोंदींवरून सरासरी काढायची आणि ती किती भरवशाची ते तपासायचं, एवढंच काम. भाषा 'आर', ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी जन्माला घातलेली. वेग यावा म्हणून मधला तुकडा तिनं सी भाषेत लिहिला होता. बहुतेकदा उत्तर ठीक यायचं. मधेच एखाद्या दिवशी प्रोग्रॅम आडवा. "काका, परत तसंच झालं बघा की!"

पहिला संशय यादृच्छिक आकड्यांवर गेला, कारण प्रोग्रॅम नोंदींतून पुन्हापुन्हा नमुने उचलत होता. पण संगणकाचे हे आकडे सूत्रातूनच येतात. 'आर' सहसा वापरतं त्या मर्सेन ट्विस्टर नावाच्या सूत्राची मालिका २ च्या १९९३७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येइतक्या आकड्यांनंतर पुन्हा सुरू होते, आणि बीज (सूत्राला सुरुवातीला दिलेला आकडा) तेच दिलं तर मालिकाही तीच. तिनं बीज पक्कं केलं. दोष तसाच.

मग प्रत्येक पायरीवर आकडे छापून पाहिले, तर दोष गायब! छापणं काढलं की हजर. अशा लाजाळू दोषाला प्रोग्रॅमर मंडळी हायझेनबग म्हणतात. धागा सापडला तो भलतीकडेच. 'आर' नुकतंच उघडलेलं असलं तर सगळं सुरळीत. सकाळपासून चालू असलं तरच बिघाड.

बेळगाव स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं सी भाषेतून 'आर'ची नवी वस्तू (म्हणजे मेमरीत ठेवलेली आकड्यांची यादी वगैरे) तयार केली की तिच्यावर 'प्रोटेक्ट'चा रुमाल टाकावा लागतो. 'आर'चा गार्बेज कलेक्टर अधूनमधून फिरतो आणि कुणी न धरलेली जागा मोकळी करतो. तिथला जुना आकडा लगेच पुसला जात नाही. दुसरं काही येऊन बसेपर्यंत पडून असतो. गाडी रिकामी असेल तर रुमाल नसला तरी चालून जातं. कलेक्टर नेमका कधी फिरेल हे आधी किती मेमरी वापरली यावर ठरतं. छापल्यानंही तेवढी मेमरी लागते, म्हणून त्याची वेळ सरकत होती. आणि प्रोग्रॅम कोसळायचा तो भलत्याच ओळीवर: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

अशा वेळी पावसाची वाट बघत बसायचं नसतं. जुनी माणसं मे महिन्यातच कौलांवर घागरी ओततात आणि आतून कुणीतरी वर बघत उभं राहतं. 'आर'मध्ये त्यासाठी 'जीसीटॉर्चर' नावाची सोय आहे (नाव अगदी रास्त आहे). ती चालू केली की मेमरी मागितली जाते त्या जवळपास प्रत्येक वेळी कलेक्टर फिरतो. प्रोग्रॅम बैलगाडीच्या गतीनं सरकतो, म्हणून तिनं सगळ्या नोंदींऐवजी दहाच दिवसांच्या घेतल्या. आता दोष दर खेपेला दिसू लागला, आणि सी भाषेतल्या ओळी एकेक करून वगळता वगळता बिनरुमालाची वस्तू सापडली.

दुरुस्ती दोन शब्दांची: वस्तू तयार होताच 'प्रोटेक्ट', काम झाल्यावर 'अनप्रोटेक्ट'. पण जागा बळकावली गेली म्हणून प्रोग्रॅम दर वेळी कोसळतोच असं नाही. कधी तो चुकीचा आकडा घेऊन मुकाट पुढे जातो. त्यामुळे जूनपासूनच्या सगळ्या सरासऱ्या तिला पुन्हा काढाव्या लागल्या.