जखम भरणे आणि भाजणे : पेशीविज्ञानातील संशोधन

त्वचेला इजा झाल्यावर पेशींना ती कशी कळते, जागच्या हलून त्या उघडी पडलेली जागा कशी झाकतात आणि मेलेल्या ऊतीच्या जागी नवी ऊती कशी तयार होते, हा पेशीविज्ञानाचा एक मोठा अभ्यासविषय आहे. भाजल्याने झालेली जखम हा त्यातला सर्वांत अवघड भाग. धारदार वस्तूने कापले तर कडेच्या पेशी बहुधा शाबूत राहतात. भाजलेल्या जागी मात्र मेलेल्या, अर्धमेल्या आणि धडधाकट पेशी शेजारीशेजारी असतात. त्यांतल्या अर्धमेल्या जगणार की मरणार हे पुढच्या दोन-तीन दिवसांत ठरते. विस्तव बाजूला झाल्यावरही भाजणे त्वचेत चालूच राहते, ते असे.

त्वचेची रचना : वरची बाह्यत्वचा मुख्यतः केराटिनोसाइट पेशींची बनलेली असते. तिच्या तळाच्या मूलपेशी सतत विभागत राहतात; नव्या पेशी वर सरकतात, कठीण होतात आणि शेवटी झडून जातात. खालच्या अंतस्त्वचेत पेशी विरळ, पण त्यांनी विणलेले कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे जाळे दाट असते. रक्तवाहिन्या, चेतातंतू, केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी याच थरात असतात. केसांच्या मुळांचे आवरण मात्र बाह्यत्वचेचेच, खोल आत गेलेले असते. भाजण्याच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक ठरते. वरचा थर पुरता जळाला तरी मुळे वाचली असतील, तर जखमेच्या मध्येच नव्या त्वचेची बेटे उगवतात. तीही जळाली, तर नवी बाह्यत्वचा फक्त कडेकडून येऊ शकते आणि मोठी जखम तेवढ्यावर बंद होत नाही.

इजा कळते कशी : पाठ्यपुस्तकांत जखम भरण्याचे चार टप्पे दिलेले असतात : रक्त गोठणे, दाह, नवी ऊती तयार होणे आणि तिची पुनर्रचना. शिकवायला ही विभागणी सोयीची आहे. प्रत्यक्षात टप्पे एकमेकांवर चढलेले असतात आणि मोठ्या जखमेत एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे टप्पे चालू असतात.

रक्तातल्या पेशी पोहोचण्याआधीच काही संकेत सुटलेले असतात. फुटलेल्या पेशींपासून कॅल्शियमची लाट शेजारच्या पेशींत पसरते. झेब्राफिश या पारदर्शक माशाच्या पिल्लांची शेपटी कापून केलेल्या प्रयोगात २००९ मध्ये असे दिसले की, जखमेच्या कडेच्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि श्वेतपेशी त्याच्या रोखाने धावतात. तिसरा संकेत विजेचा. आपल्याच कापलेल्या बोटातून वाहणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह एमिल दु ब्वा-रेमाँ या जर्मन शरीरक्रियावैज्ञानिकाने १८४३ मध्ये मोजला होता. शाबूत बाह्यत्वचेच्या दोन बाजूंमध्ये विद्युत्दाबाचा फरक असतो. ती फाटली की तिथून प्रवाह वाहतो आणि कडेच्या पेशींना दिशा मिळते. हे निरीक्षण दीर्घकाळ कुतूहलाच्या खात्यात पडून राहिले. पेशीतली कोणती जनुके हा संकेत वाचतात हे दाखवणारे प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

सफाई आणि बांधणी : प्लेटलेट रक्त गोठवतात आणि त्याच वेळी वृद्धिघटक, म्हणजे पेशींना वाढायला लावणारी द्रव्ये, सोडतात. काही तासांत न्यूट्रोफिल या श्वेतपेशी येतात, दोन-तीन दिवसांत महाभक्षक पेशींची संख्या वाढते. पेशी परक्या वस्तू गिळतात हे एल्या मेच्निकॉव्ह यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचून पाहिले होते. त्यामुळे दोन्ही पेशी केवळ सफाई कामगार आहेत, अशी समजूत बरीच वर्षे होती. रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांनी ती बदलली. १९७२ मध्ये त्यांनी न्यूट्रोफिल काढून टाकले. जंतुसंसर्ग नसलेली जखम तरीही नीट भरली. १९७५ मध्ये महाभक्षक पेशी घटवल्या, तेव्हा मात्र सफाईबरोबर नव्या ऊतीची वाढही रेंगाळली. महाभक्षक पेशी पुढच्या बांधणीचीही सूत्रे हलवतात, हे त्यातून पुढे आले.

बांधणीत दोन पेशींना महत्त्व आहे. केराटिनोसाइट एरवी खालच्या पडद्याला घट्ट चिकटलेल्या असतात. जखम होताच त्या ही पकड सोडतात, चपट्या होतात आणि उघड्या जागेवरून सरकू लागतात. कोरड्या खपलीखाली त्यांना वाट खोदत जावे लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या जखमा प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याने झाकून ओलसर ठेवल्या, तेव्हा नवी बाह्यत्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, या तेव्हाच्या रूढ मताला हा धक्का होता. दुसरी पेशी फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेन तयार करणारी. जखमेत तिचे एक वेगळे रूप दिसते, ज्यात स्नायूसारखे आकुंचन पावणारे तंतू असतात. जुलिओ गाब्बिआनी यांनी १९७१ मध्ये वर्णिलेल्या या मायोफायब्रोब्लास्ट पेशी जखमेच्या कडा आत ओढतात. काम झाल्यावर त्या मरून जायला हव्यात. रेंगाळल्या तर जाड, ताठ वण तयार होतो. पुढे महिनोन्‌महिने तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनची जागा पहिल्या प्रकारचे कोलॅजेन घेत राहते. तरीही भरलेल्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपुढे जात नाही.

भाजल्यावर काय होते : मोरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी १९४७ मध्ये तापमान आणि वेळ यांचे गणित मांडले. त्वचा ४४ अंश सेल्सिअसला सुमारे ६ तास राहिली तर भाजते. त्यापुढे ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो आणि ६० अंशांना काही सेकंद पुरतात. या उष्णतेत पेशीतल्या प्रथिनांची घडी उलगडते आणि पेशीपटल गळू लागते. विजेच्या धक्क्यात उष्णतेखेरीज आणखी एक इजा होते : तीव्र विद्युत्क्षेत्रामुळे पेशीपटलाला सूक्ष्म छिद्रे पडतात. म्हणूनच वरून लहान दिसणाऱ्या विजेच्या जखमेखाली स्नायूंची मोठी हानी दडलेली असू शकते.

डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९५३ मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे वर्णिले. मध्यभागी प्रथिने गोठून मेलेला पट्टा, बाहेर रक्तपुरवठा वाढलेला आणि बहुधा बरा होणारा पट्टा, आणि या दोहोंच्या मध्ये रक्तप्रवाह मंदावलेला पट्टा. संशोधनाचा सगळा रोख या मधल्या पट्ट्यावर आहे, आणि ते योग्यच आहे. मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत, या मात्र वाचवता येतात. इथल्या केशवाहिन्यांत रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या होतात, सूज वाढते, मेलेल्या पेशींतून सांडलेली द्रव्ये दाह भडकवतात आणि ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू उरलेल्या पेशींना इजा करतात. पट्टा वाचला तर जखम उथळ राहते, गेला तर ती खोल आणि रुंद होते. त्याच्या अभ्यासासाठी १९९२ मध्ये एक साधी युक्ती पुढे आली : पितळेचा फणीसारखा साचा तापवून उंदराच्या पाठीवर टेकवायचा. दात टेकतात तिथली त्वचा मरते. दातांमधल्या फटींची त्वचा आधी जिवंत असते आणि नंतर हळूहळू मरत जाते. एखादे औषध उपयोगी आहे की नाही, हे या फटी सांगतात. भाजल्यानंतर जखमेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडण्याच्या सल्ल्यामागेही ही अर्धमेल्या पेशींचीच बाजू आहे. बर्फाने मात्र केशवाहिन्या आकसतात आणि नुकसान वाढू शकते.

शरीराचा बराच मोठा भाग भाजला असेल तर प्रश्न त्वचेपुरता उरत नाही. सगळीकडच्या केशवाहिन्या पाझरू लागतात, चयापचय वाढतो, स्नायू झिजतात. मेलेली त्वचा दाहाला खतपाणी घालत राहते, हे त्याचे एक कारण. शल्यविशारद झोरा यांझेकोविच यांनी स्लोव्हेनियातील मारिबोरमध्ये मेलेली त्वचा पहिल्या काही दिवसांतच पापुद्र्यापापुद्र्याने तासून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत रूढ केली. १९७० मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती आली शस्त्रक्रियागृहातून, पेशीविज्ञानाने तिचे कारण नंतर पुरवले.

प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा : रोपणासाठी रुग्णाची स्वतःची निरोगी त्वचाच पुरेशी उरली नसेल तर? याचे उत्तर वेगळ्याच शोधातून मिळाले. हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत जेम्स राइनवाल्ड उंदराच्या एका अर्बुदातील (गाठीतील) पेशींवर काम करत होते. त्यात केराटिनोसाइटसारख्या वसाहती दिसल्या आणि त्या नीट वाढायला शेजारी फायब्रोब्लास्ट लागतात, हे लक्षात आले. मग माणसाच्या केराटिनोसाइट पेशी विकिरणाने विभाजन थांबवलेल्या उंदराच्या पेशींवर वाढवून पाहिल्या गेल्या, आणि १९७५ मध्ये त्या पिढ्यानपिढ्या वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. लहानशा तुकड्यापासून काही आठवड्यांत त्वचेचे विस्तीर्ण पापुद्रे तयार होऊ लागले. १९८१ मध्ये भाजलेल्या रुग्णांवर ते प्रथम लावल्याचा अहवाल आला. १९८४ मध्ये ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांचा अहवाल प्रसिद्ध झाला. एरवी अशी मुले वाचत नसत.

या यशाची मर्यादाही लवकरच दिसली. पापुद्रा म्हणजे फक्त बाह्यत्वचा. खाली अंतस्त्वचा नसेल तर तो नीट रुजत नाही, किरकोळ घासण्यानेही फोड येतात, आणि खालच्या ऊतीशी बांधणारे धागे पक्के व्हायला अनेक महिने लागतात. जॉन बर्क आणि योआनिस यानास यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. गाईचे कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतील एक शर्करायुक्त रेणू यांची सच्छिद्र चौकट, वर सिलिकॉनचा पडदा, अशी कृत्रिम त्वचा त्यांनी १९८१ मध्ये मांडली. रुग्णाच्या पेशी चौकटीत शिरतात, स्वतःचे कोलॅजेन विणतात आणि चौकट विरघळून जाते. अमेरिकेत १९९६ मध्ये तिला मान्यता मिळाली. भाजण्याच्या उपचारात मूलपेशींचा बोलबाला अधिक झाला. पण पेशींना बसायला योग्य जागा देणारी ही निर्जीव चौकट त्यांच्याइतकीच महत्त्वाची आहे.

पापुद्र्यातली प्रत्येक पेशी सारख्या मोलाची नसते, हेही ग्रीन यांच्याच प्रयोगशाळेत कळले. यान बारांदों आणि ग्रीन यांनी १९८७ मध्ये पेशी एकेक करून वाढवल्या, तेव्हा काहींचा वंश दीर्घकाळ चालला, तर काहींचा लगेच संपला. २०१७ मध्ये मिकेले दे लुका यांच्या गटाने जनुकीय दोषामुळे सर्वांगावर फोड येणाऱ्या ७ वर्षांच्या मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा, जनुक दुरुस्त करून वाढवलेल्या पापुद्र्यांनी बदलली. ती त्वचा टिकून राहते ती थोड्याशा दीर्घायुषी मूलपेशींच्या जोरावर, हे त्यात स्पष्ट दिसले.

वण न राहता भरणे : गर्भावस्थेच्या पूर्वार्धात त्वचेची जखम वणाशिवाय भरते. आफ्रिकेतील काटेरी उंदीर शत्रूच्या तावडीतून सुटताना त्वचा सोडून पळतात आणि नंतर ती केसांसकट पुन्हा उगवते, असे २०१२ मध्ये आढळले. २०१५ मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांत पाठीवरचे बहुतेक वण फायब्रोब्लास्टच्या एकाच वंशातून येतात हे दिसले. २०२१ मध्ये पेशीला ताण जाणवण्याचा मार्ग औषधाने रोखल्यावर उंदरांच्या जखमा केस आणि ग्रंथींसह भरल्या. निष्कर्ष आशादायक आहेत, पण उंदीर या कामाला फसवा प्राणी आहे. त्याची त्वचा सैल, खाली पातळ स्नायूचा थर. त्याच्या जखमा मुख्यतः आकसून बंद होतात, माणसाच्या बऱ्याच अंशी नवी ऊती भरून. म्हणून वणांच्या अभ्यासात ड्युरॉक जातीच्या लाल डुकरांकडे वळावे लागते. त्यांना माणसासारखे जाड वण येतात. बशीत वाढवलेल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती वेळात भरतो हे पाहण्याची चाचणी तर याहून अपुरी, कारण तिच्यात रक्त नाही, दाह नाही, ताणही नाही. स्वस्त आणि झटपट म्हणून ती सगळीकडे वापरली जाते इतकेच.

भाजलेली जखम भरायला तीन आठवड्यांहून अधिक लागले की जाड वणाचा धोका बराच वाढतो. अशा खोल जखमेवर वाढवलेली त्वचा पक्की बसली तरी तिला घामाच्या ग्रंथी नसतात. शरीराचा मोठा भाग अशा त्वचेने झाकलेल्या माणसाला उष्ण हवेत किंवा व्यायाम करताना शरीराचे तापमान आटोक्यात ठेवणे कठीण जाते. मूलपेशींपासून घामाच्या ग्रंथी घडवून त्या रोपण केलेल्या त्वचेत बसवण्याचे प्रयोग सध्या प्राण्यांवर चालू आहेत.